रुतलेला रणगाडा कोण काढणार?

लष्कराच्या टी-७२ रणगाड्यांची जागा घेणारा नवा रणगाडा हवा, ही गरज संरक्षण साहित्य खरेदी परिषदेनं सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केली. बातम्यांत आकडा आला १,७७०. त्याआधी २०२१ मध्ये ११८ अर्जुन मार्क-१ए रणगाड्यांची ७,५२३ कोटींची ऑर्डर निघाली होती. अशी बातमी आली की कोल्हापूरच्या कारखान्यांत, शिरोलीपासून कागलपर्यंत, विचारणा सुरू होते, यात आपल्या वाट्याला काय? संरक्षण कॉरिडॉर (संरक्षण उत्पादनाचे औद्योगिक पट्टे) उत्तर प्रदेशाला आणि तमिळनाडूला मिळाले, महाराष्ट्राला नाही, ही खंतही तिच्यात असते. विचारणा रास्तच आहे. पण ती करताना सगळ्यांची नजर नव्याकोऱ्या रणगाड्यावर असते, आणि दिल्लीतही याहून वेगळं घडत नाही. लढाई सुरू होऊन आठवडा झाला की हिशेब पालटतो. किती रणगाडे घेतले होते हे कुणी विचारत नाही. काल बंद पडलेल्यांपैकी आज पहाटे किती उभे राहिले, यावर पुढचा दिवस ठरतो.

म्हणून सरळ मागणी अशी: रणगाड्यांच्या प्रत्येक खरेदीत रिकव्हरी गाड्या (बंद पडलेला रणगाडा ओढून काढणाऱ्या), राखीव इंजिनं आणि निदान दहा वर्षांचे सुटे भाग यांचा पैसा आधी बाजूला काढावा. रणगाड्यांची संख्या उरलेल्या पैशात ठरवावी. आणि त्या सुट्या भागांचं काम कोल्हापूरसारख्या, छोट्या संख्येची अवघड कामं करण्यात हात बसलेल्या गावांना द्यावं.

रणगाड्यावर गोळा बसला की तो संपला, असं चित्र सिनेमामुळे डोक्यात बसलेलं आहे. प्रत्यक्षात थांबणाऱ्या रणगाड्यांपैकी पुष्कळसे जागेवर संपत नाहीत. कुणाचा पट्टा सुरुंगावर तुटतो, कुणी चिखलात बसतो, कुणाचं इंजिन तापून धरतं, कुणाचा नुसता फायनल ड्राइव्ह, म्हणजे पट्टा फिरवणारा शेवटचा गिअर, जातो. यातला प्रत्येक जण काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत परत लढू शकतो. अट एकच, त्याला ओढून मागे आणता आलं पाहिजे. लढाई संपल्यावर मैदान ज्याच्या ताब्यात राहतं त्याला स्वतःचे मोडके रणगाडे परत मिळतात आणि शत्रूचेही. ज्याला मागे हटावं लागतं, त्याचा पट्टा तुटलेला रणगाडा आणि जळून खाक झालेला रणगाडा यांत काही फरक राहत नाही.

जर्मनीनं हे रशियातल्या कुर्स्कला भोगलं. जुलै १९४३ मध्ये २०० नवे पँथर रणगाडे तिथं पहिल्यांदा उतरले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांतले बहुतेक थांबले. तोफ उत्तम, चिलखत उत्तम. पण पँथरचा फायनल ड्राइव्ह सरळ दात्यांच्या गिअरचा होता आणि ४५ टनांचा भार त्याला झेपत नव्हता. युद्धानंतर हे रणगाडे वापरणाऱ्या फ्रेंचांनी त्याचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदवलं. ओढायला होत्या १८ टनी हाफट्रॅक गाड्या (पुढे चाकं, मागे पट्टे), आणि एका जड रणगाड्याला अशा दोन-तीन जुंपाव्या लागत. पँथरच्याच सांगाड्यावरची रिकव्हरी गाडी नुकती कुठे तयार होऊ लागली होती. माघार सुरू झाल्यावर दुरुस्तीसाठी रांगेत उभे असलेले कित्येक रणगाडे त्यांनी स्वतःच सुरुंग लावून उडवले. त्यांच्याच टायगर रणगाड्याची चाकं एकात एक गुंतवलेली होती. आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची अनेक चाकं काढायची. समोरच्या बाजूचा, अमेरिकी शर्मन कागदावर साधा रणगाडा. पण त्याच्या चाकांची बोगी बाहेरून बोल्टनं बसवलेली होती, एक खोलून दुसरी लावता येई. एक रचना प्रदर्शनात शोभणारी होती, दुसरी पावसात, रात्री, पाना हातात घेतलेल्या माणसाचा विचार करणारी.

ब्रिटिशांनी वाळवंटात मार खाऊन हे शिकून घेतलं आणि १ ऑक्टोबर १९४२ रोजी दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभं केलं. भारतातलं दल १९४३ मध्ये निघालं. आज आपण त्याला ई.एम.ई. (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) म्हणतो आणि १५ ऑक्टोबर हा त्याचा स्थापना दिन. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजिला खिंडीत रणगाडे दिसले तेव्हा समोरचा शत्रू चकित झाला. ते स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून आणताना पूल कच्चे म्हणून टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, उतरवून आणले होते आणि पुढे पुन्हा चढवले होते. त्या विजयात कारागिरांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो.

१९६५ ची असल उत्तरची लढाई तर उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला लगेच समजावी. पंजाबात खेमकरणजवळ पाणी सोडून शेतं भिजवलेली, वर ऊस उभा. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात शिरले आणि रुतले. भारताच्या नोंदीप्रमाणे ९७ रणगाडे तिथं गेले. त्यांतले कितीतरी धडधाकट अवस्थेत सोडून दिलेले सापडले. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत तेच घडलं. हंटर विमानांनी तर मारलंच, पण रुतलेला रणगाडा विमानाला आयता सापडतो आणि ओढून काढणारं कुणी जवळ नसलं की चालक तो टाकून देतो.

आपल्याकडे मळीच्या रानात उसाची ट्रॉली बसली की दुसरा ट्रॅक्टर लावतात, तोही बसला की तिसरा. रणगाड्याच्या बाबतीत हे चालत नाही, आणि का चालत नाही ते आकड्यांनी बघावं. जगभरच्या लष्करांत एक ढोबळ हिशेब वापरतात. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतका ओढ लागतो. फेंडरपर्यंत रुतली तर दुप्पट, टरेटपर्यंत गेली तर तिप्पट. टी-९० चं वजन ४६.५ टन. फेंडरपर्यंत चिखलात बसलेला टी-९० म्हणजे ९३ टनांचा ओढ. त्याचं इंजिन चालू असेल आणि पट्टे फिरवता येत असतील तर हा ओढ साधारण ४० टक्क्यांनी उतरतो, म्हणजे ५६ टनांच्या आसपास. ज्या दिशेनं तो आत गेला त्याच वाटेनं मागे काढला तर आणखी दहा टक्के वाचतात.

आता रिकव्हरी गाडीवरची विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, ३० टनी धरू. सरळ दोरानं काम होणार नाही हे उघड आहे. एक कप्पी लावून दोर दुहेरी केला की कागदावर ६० टन मिळतात, पण प्रत्येक कप्पीमागे ओढाच्या दहा टक्के घर्षणात जातात. म्हणजे ५६ चे ६१ झाले आणि विंच कमी पडली. तीन पदर लावावेच लागतात. इंजिन बंद पडलेला रणगाडा असेल तर ९३ टनांवर तीन कप्प्यांचं घर्षण धरून बेरीज १२० च्या पुढे जाते. चार पदरांचे १२० टनही कमी पडतात. शिवाय चार पदर म्हणजे २०० मीटरचा दोर ५० मीटरच पोचणार. म्हणजे रिकव्हरी गाडी त्याच चिखलाच्या काठावर, त्याच तोफखान्याच्या माऱ्यात उभी करावी लागते.

ती गाडी स्वतः चाळीस-बेचाळीस टनांची. पुढचं ब्लेड जमिनीत नीट रोवलं नाही तर रुतलेला जागेवर राहतो आणि सोडवणारी त्याच्याकडे सरकत जाते. मऊ जमिनीत ब्लेडही धरत नाही. मग ओंडके आडवे पुरून त्यांना अँकर करतात. ताणलेला वायररोप तुटला तर माणूस मध्येच कापला जातो, म्हणून ताणलेल्या दोराच्या लांबीइतकं अंतर प्रत्येकानं सोडायचं. शॅकलची (दोर जोडणाऱ्या कडीची) पिन पूर्ण फिरवून घेतली नाही, दोराला पीळ पडला, किंवा हुक उलटा लागला, तर अपघात ठरलेला. रशियन घडणीच्या रणगाड्यांच्या मागे बांधलेला लाकडी ओंडका पुष्कळांनी फोटोत बघितला असेल. तो दोन्ही पट्ट्यांना आडवा बांधला की रणगाडा त्याच्यावरून रांगत हाताबाहेरच्या चिखलातून सुटू शकतो. हा उपाय स्वस्तातला आणि उत्तम आहे, पण कंबरभर चिखलात उतरून तो बांधायचा सराव शांततेत झाला असेल तरच.

ओढून नेतानाही नियम आहेत. तोफ मागे फिरवून लॉक करायची, नाहीतर नळी खाचखळग्यात रुतते. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि वळण नीट मिळत नाही, म्हणून उतारावर दोर चालत नाही, ताठ टो-बार लागतो. गिअरबॉक्स धरलेला असेल तर फायनल ड्राइव्हचा जोड सोडवल्याशिवाय पट्टे फिरतच नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी आत न फुटलेला दारूगोळा आहे का, डिझेल गळतंय का, बॅटरीचा मुख्य स्विच बंद आहे का, हे बघावं लागतं. टी-७२ च्या ऑटोलोडरमध्ये, म्हणजे तोफेत गोळे आपोआप भरणाऱ्या यंत्रात, पायाखालीच २२ गोळे असतात.

सुरुंगावर गेलेल्या टी-७२ ची दुरुस्ती जवळून पाहिली तर सुटे भाग कसले आणि किती लागतात ते कळतं. पट्टा तुटलेला, पुढची एक-दोन रोड व्हील (पट्ट्यावर चालणारी चाकं) गेलेली, त्यांचे आर्म वाकलेले, चाकांना स्प्रिंगचं काम देणारा टॉर्शन बार मोडलेला. वेड्यावाकड्या झालेल्या कड्या गॅस कटरनं कापायच्या. वाकलेला आर्म काढायचा. तो सहज निघत नाही, जॅक आणि घणाची गाठ असते. मोडलेल्या टॉर्शन बारचा तुकडा हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, आत अडकून राहतो, तो दुसऱ्या टोकाकडून ठोकून काढावा लागतो. हल थोडा जरी मुरगळला असेल तर तुकडा अडतो आणि चार तासांचं काम दीड दिवसावर जातं. नवा बार घालताना दात्यांची जुळणी आर्मच्या ठरलेल्या कोनात बसली पाहिजे. एक दाता चुकला तर ते चाक बाकीच्यांपेक्षा वर किंवा खाली राहतं आणि रबर महिन्याभरात खाऊन जातं. मग पट्टा जमिनीवर पसरायचा, त्यावर गाडी आणायची, मागच्या स्प्रॉकेटवरून (पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकावरून) ओढून जोड पिन मारायची आणि पुढच्या आयडलरनं ताण द्यायचा. ताण कमी राहिला तर वळताना पट्टा उतरतो, जास्त झाला तर रबरी बुश आणि फायनल ड्राइव्ह दोन्ही लवकर झिजतात. एका बाजूच्या पट्ट्यात ९६-९७ कड्या आणि वजन दीड टनाहून अधिक. ऑटोलोडरमुळे या रणगाड्यात तीनच माणसं असतात. चौथ्या माणसाची बचत झाली, पण पट्टा ओढायला दोन हातही कमी झाले. रिकव्हरीच्या आणि वर्कशॉपच्या माणसांची संख्या ठरवताना हे विसरलं जातं.

चिलखताला वेल्डिंग करायचं तर साधा रॉड चालत नाही. चिलखती पोलादाला ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा रॉड लागतो. रॉड ओलसर असला की त्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि भेग लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी उघडते. रॉड गरम पेटीत कोरडे ठेवणं ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट; पण तेवढ्यावरून दुरुस्त केलेला रणगाडा पहिल्याच खड्ड्यात पुन्हा फाटू शकतो.

इंजिनचं प्रकरण याहून गंभीर. जर्मन लेपर्ड-२ मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग एकाच गठ्ठ्यात आहे. क्रेननं उचललं, दुसरं ठेवलं, तरबेज टोळी अर्ध्या तासाच्या आसपास हे करते. आपल्या अर्जुनचीही रचना अशीच, गठ्ठ्याची. टी-७२ मध्ये इंजिन आडवं, त्याच्या शेजारी मधला गिअरबॉक्स आणि त्याच्यानंतर दोन बाजूंना दोन वेगळे गिअरबॉक्स. इंजिन काढायचं तर पाण्याच्या, तेलाच्या, डिझेलच्या सगळ्या लाइन, एक्झॉस्ट, फॅन ड्राइव्ह सोडवायचं. परत बसवताना मधल्या गिअरबॉक्सशी शाफ्टची सरळ रेष मिळवायची. ती मिळवताना घाई केली की कपलिंग खातं आणि शंभर किलोमीटरच्या आत तीच गाडी परत वर्कशॉपमध्ये. या कामाला तासांच्या भाषेत बोलून चालत नाही, जवळपास पूर्ण दिवस धरावा लागतो. हे रणगाडे आपल्याकडे हजारोंनी आहेत आणि अजून बरीच वर्षं राहणार आहेत; मार्च २०२५ मध्येच त्यांच्यासाठी १,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाशी झाला. इंजिन बदलायला दिवस लागतो म्हटल्यावर राखीव इंजिनं पुढे नेऊन ठेवणं, क्रेन असलेल्या गाड्या वाढवणं आणि इंजिन मुळात बिघडूच नये याची काळजी घेणं, एवढंच हातात उरतं. राजस्थानात ही काळजी म्हणजे एअर क्लीनर. तो वेळेवर धुतला नाही की धूळ लायनर आणि रिंग खाते, तेल जळू लागतं, निळसर धूर दिसतो, आणि निम्म्या आयुष्यात इंजिन ओव्हरहॉलला जातं.

कुणी म्हणेल, ड्रोनच्या जमान्यात रणगाडाच कालबाह्य झाला, मग त्याच्या दुरुस्तीवर खर्च कशाला? युक्रेनकडे नीट बघितलं तर उत्तर उलटं मिळतं. स्वस्त ड्रोन बहुतेक वेळा पट्टा, इंजिनचं झाकण, नेम धरायची साइट किंवा तोफेची नळी बिघडवतो. नष्ट झालेल्यांपेक्षा बिघडलेल्यांची रांग वाढते. पाश्चात्त्य देशांनी दिलेले लेपर्ड सुरुवातीला दुरुस्तीसाठी पोलंडमधल्या ग्लिवित्से शहरापर्यंत नेले जात होते, आघाडीपासून हजार किलोमीटरहून लांब. जो रणगाडा दोन दिवसांत उभा राहिला असता तो रेल्वेच्या वाघिणीवर आठवडे काढत होता. ड्रोनमुळे बदललं ते हे की रिकव्हरी गाडी हेच आता पहिलं लक्ष्य असतं, आणि वीस रणगाडे एका रांगेत उभं करणारी वर्कशॉप एका दुपारीच संपते. दोन-दोन, तीन-तीन गाड्या झाडीत, जाळीखाली, वेगवेगळ्या ठिकाणी दुरुस्त कराव्या लागतात. म्हणजे हत्यारांचे संच जास्त, क्रेन जास्त, कुशल माणसं जास्त. खर्च वाढतो, आणि तो केलाच पाहिजे.

बेस वर्कशॉप (लष्कराचे मोठ्या दुरुस्तीचे कारखाने) खासगी कंपन्यांकडे चालवायला द्याव्यात, ही सूचना लष्कराच्या फेररचनेवरच्या शेकटकर समितीनंतर बराच काळ चर्चेत राहिली. सुटे भाग बाहेर बनवायला हरकत नाही, उलट बनवावेतच. पण ओव्हरहॉलच्या जागा लष्कराच्या हातातून गेल्या तर पुढच्या फळीतला कारागीर घडायचा कुठे? दिल्लीच्या ५०५ बेस वर्कशॉपनं २०२४ मध्ये पहिला टी-९० पूर्ण खोलून, ओव्हरहॉल करून बाहेर काढला. ज्या हवालदारानं तिथं तीन वर्षं मधला गिअरबॉक्स खोलून जुळवलाय, तोच लढाईत अंधारात हातानं चाचपून बिघाड सांगू शकतो. कंपनीचा तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी त्याला सुरुंगपेरल्या शेतात पाठवता येत नाही. चंदगड-गडहिंग्लजपासून शिरोळच्या सैनिक टाकळीपर्यंत या जिल्ह्यानं किती पिढ्या लष्कराला दिल्या हे इथं वेगळं सांगायला नको. त्या परंपरेतली ई.एम.ई.ची माणसं निवृत्त होऊन गावी येतात आणि त्यांच्याकडचं ज्ञान कुणी विचारत नाही. कळंब्याच्या आय.टी.आय.मध्ये किंवा उद्यमनगरच्या कारखान्यांत त्यांना शिकवायला बोलावलं तर त्याला कुठल्या धोरणाची वाट बघावी लागत नाही.

आता कोल्हापूर. इथं आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सभांमध्ये ती बोलली जात नाही. इथल्या बहुतेक फौंड्र्या बिडाच्या आणि एस.जी. आयर्नच्या (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बिडाच्या). ट्रॅकच्या कड्या, स्प्रॉकेटचे दातेरी रिम, टॉर्शन बार ही पोलादाची कामं. टॉर्शन बारला तर खास मिश्र पोलाद, नेमकी हीट ट्रीटमेंट आणि शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग कणखर करणं) लागतं. बिडाच्या फौंड्रीनं 'आम्ही ट्रॅक ओततो' असं सांगून ऑर्डर घेतली तर पहिल्या लॉटलाच नाव जाईल, आणि एकाचं गेलं की गावाचं जातं. ड्रॉइंगमध्ये जे बिडात किंवा एस.जी.मध्ये आहे ते घ्यावं: पंपांच्या बॉडी, हौसिंग, बेअरिंग कव्हर, ब्रॅकेट, फ्लँज. त्याहून मोठं काम मशिनिंगचं आहे. आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम रिकव्हरीच्या सामानाचं: कप्प्या, टो-बार, जमिनीत रोवायचे अँकर, इंजिन उचलायच्या फ्रेम, शाफ्टची रेष जुळवायचे फिक्श्चर, पंप तपासायचे स्टँड. ऑइल इंजिनांनी आणि पंपांनी वाढलेल्या या शहराला यातलं काहीच परकं नाही.

संख्येच्या बाबतीतही इथली छोटी फौंड्री उजवी ठरू शकते. लष्कराला एखादं हौसिंग वर्षाला चाळीस नग लागतं. मोटार कंपन्यांसाठी दिवसाला हजारो साचे काढणाऱ्या ऑटोमॅटिक लाइनला चाळीस नगांसाठी थांबणं परवडत नाही. नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणाऱ्या, वाळूवर हातानं मोल्डिंग करणाऱ्या जॉबिंग फौंड्रीला ते सहज बसतं.

पण चुका कुठं होतात ते आधी समजून घ्यावं. एस.जी.मध्ये मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यावर दहा-बारा मिनिटांत धातू ओतून संपवला पाहिजे. वितळलेल्या धातूची लॅडल रेंगाळली की ग्राफाइटच्या गोळ्या बिघडतात, आणि वरून नग तसाच दिसतो. बॉसच्या, म्हणजे जाड उंचवट्याच्या, खाली आकसून पडलेली पोकळी मशिनिंगनंतर किंवा प्रेशर टेस्टला कळते. कोअर (पोकळी ठेवणारा आतला साचा) सरकला की सहा मिलिमीटरची भिंत एका बाजूला चारची होते. पाण्याच्या पंपात ते चालून जाईल, रणगाड्याच्या हादऱ्यांत तिथंच भेग जाईल. म्हणून प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नंबर नगावरच ओतलेला हवा, प्रत्येक हीटचा टेस्ट बार जपलेला हवा. पाच वर्षांनी जैसलमेरला एखादं हौसिंग फुटलं तर त्याच हीटचे बाकीचे नग कुठल्या गाड्यांत बसलेत हे त्याच दिवशी सांगता आलं पाहिजे.

दुसरी चूक नमुन्यावरून उतरवण्याची. जुन्या रशियन भागांची ड्रॉइंग हाती नसतात, मग वापरलेला भाग देऊन 'असाच करा' सांगितलं जातं. झिजलेल्या नमुन्यावरून माप घेतलं की झीजही उतरवली जाते. फिट कुठला होता, कडकपणा किती खोलवर होता, हे मोजपट्टीनं कळत नाही. निदान तीन नमुने हवेत, त्यांतला एक न वापरलेला. शिवाय हा भाग ज्याच्यात बसतो तो जोडभाग समोर हवा. आणि कुठून झिजून आला हे सांगणारा वर्कशॉपचा माणूस हवा. रबरी बुश आणि सील यांना कपाटातलं आयुष्य असतं. ते आकडा भरण्यासाठी दहा वर्षांचे एकदम घेऊन ठेवले तर निम्मे ठेवल्याठेवल्या कडक होतात. ते दरवर्षी थोडे थोडे, तारीख टाकूनच घेतले पाहिजेत.

देशभरच्या रणगाड्यांच्या सुट्या भागांचा मुख्य डेपो पुण्याजवळ खडकीला आहे. ५१२ बेस वर्कशॉपही तिथंच. कोल्हापुरातून संध्याकाळी निघालेला ट्रक पहाटेआधी तिथं पोचतो. एवढं जवळ असूनही काम का येत नाही? आयात होणारे भाग देशात बनवण्यासाठीचं सृजन पोर्टल २०२० पासून आहे, स्वदेशीकरणाच्या याद्या दरवर्षी निघतात. अडचण व्यवहारात आहे. साचा पाडायच्या पॅटर्नचा आणि पहिल्या नगाच्या तपासणीचा खर्च कारखानदारानं करायचा, नग चाळीस, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवं टेंडर, जे कदाचित दुसऱ्यालाच जाईल. पॅटर्न आणि फिक्श्चर लष्कराच्या मालकीचे ठेवून ते कारखान्याला वापरायला द्यावेत. दर पाच वर्षांसाठी ठरवावा आणि गरजेप्रमाणे दर तिमाहीला नग उचलावेत. अल्ट्रासोनिक, मॅग्नेटिक पार्टिकल आणि मेटॅलोग्राफीची मान्यताप्राप्त तपासणी कोल्हापुरातच व्हावी. एका सहीसाठी नग आठवडाभर पुण्यात पडून राहू नयेत. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत हा २००६ च्या कायद्याचा नियम आहे, तो सगळ्यांत आधी सरकारी खरेदीदारानं पाळावा. छोटी फौंड्री बँकेच्या व्याजावर चालते. तिथं सहा महिने पैसे अडकले की देशप्रेम कितीही असलं तरी दुसरी ऑर्डर घेणं शक्य होत नाही.

कोल्हापूरकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा आहे. एकमेकांचा दर पाडून ऑर्डर मिळवायची आणि मग भट्टीत घालायच्या चार्जमधल्या भंगाराचा दर्जा उतरवून नफा काढायचा, ही खोड इथं चालणार नाही. दुसरं, पाच-सहा कारखान्यांनी एकत्र येऊन पूर्ण असेंब्ली द्यावी: एकानं ओतावं, दुसऱ्यानं मशिनिंग करावं, तिसऱ्यानं जुळवून प्रेशर टेस्ट करून, गंज रोखणाऱ्या व्ही.सी.आय. कागदात गुंडाळून, पेटीवर भाग क्रमांक आणि तारीख टाकून पाठवावं. वर्कशॉपच्या कारागिराला पूर्ण पंप हवा असतो. नुसतं कास्टिंग त्याच्या उपयोगाचं नाही.

नव्या रणगाड्याची रचना अजून ठरायची आहे, म्हणून या अटी आत्ताच घालता येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एका गठ्ठ्यात, क्रेननं उचलता येणारे. रोड व्हीलचे आर्म बाहेरून बोल्टनं सुटणारे. रिकव्हरी गाडी त्याच सांगाड्यावरची, आणि पहिल्या तुकडीबरोबरच येणारी. ओढायचे हुक सगळ्या बाजूंनी, चिखलात हात घालून सापडतील असे. चाचण्यांमध्ये तोफेची अचूकता आणि वेग मोजतात तसं हेही मोजावं: रात्री, जाळीखाली, रेजिमेंटच्या साध्या टोळीकडून इंजिन बदलून घ्यावं, सुरुंगानं मोडलेलं चाक बदलून घ्यावं, फेंडरपर्यंत रुतवून बाहेर काढून बघावं. प्रत्येकाला किती तास लागले ते लिहावं, आणि स्पर्धक रणगाड्यांची तुलना करताना हे तास किमतीच्या शेजारच्या रकान्यात मांडावेत.